मग डबा कोण भरतं?

दोन बाबा असलेल्या घरांवरची चित्रपुस्तकं गेली चाळीस वर्षं बंदी, दंड आणि कोर्टकचेऱ्या झेलतायत. भांडण वरवर 'गे' या शब्दाचं. पण पानं नीट उलटून बघितली की वेगळाच प्रश्न समोर येतो. पुरुषाने घरात नेमकं करायचं काय?

एक राजपुत्र असतो. लग्नाचा विषय काढला की तोंड वाकडं करणारा. त्याची आई, म्हणजे राणीसाहेब, शेवटी वैतागते आणि जगभरातल्या राजकन्यांना बोलावणं धाडते. थोडक्यात, राजवाड्यात कांदेपोहे! ऑस्ट्रियाची येते, टेक्सासची येते, ग्रीनलंडची येते. आणि हो, आपल्या मुंबईचीही येते. राजपुत्र एकेकीला नकार देत सुटतो, मुंबईकरणीलासुद्धा. मग शेवटची राजकन्या येते. तिच्यासोबत तिचा भाऊ आलेला असतो, आणि राजपुत्राची विकेट पडते. भावाला बघून!

ही कुठल्या सिरियलची स्टोरी नाही. लिंडा द हान आणि स्टर्न नायलँड या दोन डच मैत्रिणींनी केलेलं हे लहान मुलांचं चित्रपुस्तक आहे. डचमध्ये ते २००० साली आलं आणि २००२ मध्ये 'किंग अँड किंग' या नावाने इंग्रजीत. रंगीत कागदांचे तुकडे चिकटवल्यासारखी मस्त कोलाज चित्रं. शेवटच्या पानावर दोन्ही राजे किस करतात, पण त्यांच्या ओठांवर एक लालभडक बदाम काढलाय. म्हणजे किस आहेही आणि दिसतही नाही. आपल्या सिनेमातली दोन फुलं आठवली ना?

त्या बदामामागे काय दडलंय यावरून अमेरिकेत पालक कोर्टात गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन गावात २००६ मध्ये दुसरीच्या वर्गात बाईंनी हे पुस्तक वाचून दाखवलं. आम्हाला आधी कळवायला हवं होतं, असं काही पालकांचं म्हणणं. २००८ मध्ये अपील कोर्टाने त्यांची केस फेटाळली. या सगळ्या गदारोळात चर्चा झाली ती त्या एका चित्राची. २००४ मध्ये आलेल्या पुढच्या भागाबद्दल, 'किंग अँड किंग अँड फॅमिली'बद्दल, फारसं कुणी बोलत नाही. त्यात हे दोघे जंगलात हनिमूनला जातात, परत आल्यावर सामानातून एक छोटी मुलगी बाहेर येते आणि राजेसाहेब दोघेही बाबा होतात.

मला खरा इंटरेस्ट इथून पुढे आहे. बाबा झाल्यावर ही माणसं काय करतात? स्वयंपाक कोण करतं? रात्री मूल रडलं की कोण उठतं? गेल्या काही महिन्यांत मी अशी मिळतील तेवढी पुस्तकं जमवली. काही विकत, काही मित्रांकडून, काही लायब्ररीच्या स्कॅन कॉपीत. प्रेमाबिमाकडे दुर्लक्ष करून मी फक्त बाबा लोकांच्या हातांकडे बघत होते. त्यांच्या हातात काय आहे?

धुण्याची पिशवी आणि पंतप्रधान

या यादीतलं सगळ्यात गाजलेलं जुनं नाव म्हणजे 'जेनी लिव्ह्ज विथ एरिक अँड मार्टिन'. डॅनिश लेखिका सुझान बोश्ये यांनी ते १९८१ मध्ये लिहिलं आणि १९८३ मध्ये लंडनमध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आलं. यात चित्रं नाहीत, ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहेत. पाच वर्षांची जेनी, तिचे बाबा मार्टिन आणि बाबांचा पार्टनर एरिक. आई जवळच राहते आणि येऊन-जाऊन असते.

पुस्तकात काय घडतं, तर काहीही नाही! म्हणजे तिघं कपड्यांचा ढीग घेऊन लाँड्रीत जातात. एरिकच्या वाढदिवसाची सरप्राइज तयारी चालते. दोघं बाबा भांडतात आणि मग गोडही होतात. रस्त्यात एक बाई त्यांना वाट्टेल ते बोलते. घरी आल्यावर एरिक खडू घेऊन जमिनीवर चित्रं काढून जेनीला सांगतो की लोक असं का बोलतात. माझ्या मते हे पुस्तकातलं सगळ्यात सुंदर पान. वयाने वाढलेला एक बाप्या जमिनीवर बसून पोरीच्या पातळीवर येऊन खडूने रेघोट्या मारतोय.

आता या धुण्याच्या पिशवीचं राजकारण ऐका. १९८६ मध्ये लंडनच्या शिक्षण खात्याच्या शिक्षकांसाठीच्या एका केंद्रात या पुस्तकाची प्रत असल्याची बातमी टॅब्लॉइड पेपरांनी उचलली. शाळेच्या वर्गात नाही हं, शिक्षकांच्या केंद्रात. पण हेडलाइन्स अशा की घरोघरी पोरांच्या दप्तरात हे पुस्तक कोंबलं जातंय. शिक्षणमंत्री केनेथ बेकर यांनी ते काढून टाकायला सांगितलं. पुढे मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८८ मध्ये लोकल गव्हर्न्मेंट कायद्यात ते कुप्रसिद्ध 'सेक्शन २८' घातलं. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा प्रचार करायचा नाही आणि असं घर म्हणजे खरं कुटुंब आहे असं शाळेत शिकवायचं नाही, असा त्याचा अर्थ. स्कॉटलंडमध्ये ते २००० मध्ये रद्द झालं, इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ मध्ये. म्हणजे मधल्या पंधरा वर्षांत जी मुलं खरोखरच दोन बाबांच्या घरात वाढली, त्यांच्या शाळेत त्यांच्या घराबद्दल बोलायचीच चोरी!

सगळ्यात जास्त बोंब झाली ती एका फोटोवरून. सकाळी अंथरुणात दोन्ही बाबा उघड्या अंगाने बसलेत आणि जेनी तिथेच बाहुली घेऊन बसलीय. आपल्याकडे उन्हाळ्यात कुठल्याही चाळीत जा, निम्मे बाबा बनियनही न घालता पोरांना मांडीवर घेऊन बसलेले दिसतील. तिथे कुणाला त्यात काही दिसत नाही. उघडं अंग तेच, पण बाबा दोन झाले की बघणाऱ्याची नजर बदलते.

मिशीवाला फ्रँक

अमेरिकेत याच जातीचं वादळ उठवलं ते मायकल विलहॉइट यांच्या 'डॅडीज रूममेट'ने, १९९० मध्ये. एका छोट्या मुलाचे आईबाबा वेगळे होतात आणि बाबांच्या घरी फ्रँक राहायला येतो. मुलगा सांगत जातो की बाबा आणि फ्रँक एकत्र काय काय करतात. घरातली कामं करतात, जेवतात, दाढी करतात, भांडतात, झोपतात. फ्रँक मुलासाठी सँडविच करतो, शाळेत दाखवायला किडे पकडून देतो, रात्री वाईट स्वप्न पडलं तर धीर देतो. गे म्हणजे काय हे मुलाला समजावून सांगते ती त्याची आई. एक्स-नवऱ्याबद्दल मनात काही न ठेवता! (रिअल लाइफमध्ये अशी माणसं किती भेटतात, हा वेगळा विषय.)

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९९० ते १९९९ या दहा वर्षांत सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांची यादी काढली. 'डॅडीज रूममेट' त्यात दुसऱ्या नंबरवर होतं. टेक्सासमधल्या विचिता फॉल्समध्ये १९९८ मध्ये एका चर्चच्या पाद्रींनी हे पुस्तक आणि दोन आयांवरचं 'हेदर हॅज टू मॉमीज' लायब्ररीला परतच केलं नाही, पुस्तकांचे पैसे भरले. मग नगर परिषदेने ठराव केला. ३०० कार्डधारकांनी सह्या केल्या की पुस्तक मुलांच्या कपाटातून मोठ्यांच्या कपाटात. २००० मध्ये फेडरल कोर्टाने हा ठराव रद्द केला.

एवढा राडा ज्याच्यावरून झाला ते पुस्तक आज हातात घेतलं तर चक्क सपक वाटतं, शप्पथ! बाबा आणि फ्रँक दोघेही इतके गुणी, की स्थळ म्हणून सांगून आले तर आपल्या आत्याबाई लगेच पत्रिका मागतील. कुणी दमत नाही, पोरावर खेकसत नाही, टॉवेल बेडवर टाकत नाही. भांडण होतं तेही एका चित्रापुरतं. बॉल गेम बघायला जातात, समुद्रावर जातात, अंगणात काम करतात. म्हणजे बघा हं, आम्हीसुद्धा 'नॉर्मल' पुरुषच आहोत, असं जणू पुस्तक पानोपानी सांगतंय.

का, तेही कळतं. ज्याच्यावर खटला चालू आहे तो कोर्टात इस्त्रीचे कपडे घालूनच जाणार. समोर बसलेले लोक म्हणणार की अशा घरात मुलांचं वाटोळं होतं, तर लेखक बिचारा एक तरी उष्टी प्लेट सिंकमध्ये दाखवेल का? १९९० चं दशक, एड्सची दहशत, कोर्टात मुलांच्या ताब्याच्या केसेस. विलहॉइटना दोष देऊन चालणार नाही. पण त्यातून एक साचा तयार झाला. चित्रपुस्तकातला गे बाबा हा नेहमी टापटीप, नेहमी हसरा आणि बऱ्याचदा गोरा, मोठ्या घरात राहणारा. मुलाला मिठी मारतो, पार्टनरला मात्र हात लावायला कचरतो.

आणि दुसरा साचा त्याहून मजेशीर. दोन बाबांपैकी एकाने झाडावर घर बांधायचं आणि दुसऱ्याने केक करायचा. एक जण पडल्यावर 'ऊठ, काही नाही झालं' म्हणणार, दुसरा फुंकर घालणार. बायका नाहीत म्हणून काय झालं, 'बायकांची कामं' आहेत ना! ती एकाच्या वाट्याला द्या की झालं. गे कपल्सना लग्नघरापासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत विचारला जाणारा तो भयंकर प्रश्न, तुमच्यात बायको कोण, तोच इथे गोड चित्रांत येऊन बसतो.

बाहुली हवी? पण का?

इथे जरा मागे जाऊ या. १९७२ मध्ये शार्लट झोलोटोव यांचं 'विल्यम्स डॉल' आलं. यात गे बाबा वगैरे कुणी नाही. विल्यमला बाहुली हवी असते, बस. भाऊ आणि शेजारचा मुलगा चिडवतात. बाबा बास्केटबॉल आणून देतात, ट्रेनचा सेट आणून देतात. विल्यम दोन्हींशी छान खेळतोही, पण बाहुली हवी ती हवीच. शेवटी आजी येते आणि बाहुली घेऊन देते. बाबांना ती सांगते की उद्या हा बाप होईल, तेव्हा मुलाला कसं सांभाळायचं हे त्याला यायला हवं ना?

आजीचं लॉजिक जबरदस्त आहे. पण त्यातली मेख बघा. बाहुली चालेल, कारण ती बाप होण्याची प्रॅक्टिस आहे. म्हणजे काळजी करू नका, मुलगा 'बिघडत' नाहीये. त्या काळातल्या वाचणाऱ्या आईबाबांची धास्ती आजीने ओळखली होती आणि तिला बरोबर थोपटून झोपवलं. पुढे हेच मुलगे मोठे होऊन खरंच बाप झाले, काही जण दुसऱ्या पुरुषासोबत बाप झाले, आणि मग आजीचं तेच लॉजिक कुणाला पटेना!

माणसं नकोत तर पेंग्विन घ्या

माणसांचे दोन बाबा पचत नाहीत म्हटल्यावर प्राणी आले. जस्टिन रिचर्डसन आणि पीटर पार्नेल यांचं 'अँड टँगो मेक्स थ्री' २००५ मध्ये आलं, चित्रं हेन्री कोल यांची. गोष्ट खरी आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क झूमध्ये रॉय आणि सायलो हे दोन नर पेंग्विन जोडीने राहत, माना एकमेकांत गुंफत. इतर जोड्यांसारखं त्यांनी घरटं केलं आणि अंड्यासारखा दिसणारा एक दगड त्यात ठेवून आळीपाळीने उबवत बसले. ते बघून झूच्या कर्मचाऱ्याने त्यांना दुसऱ्या एका जोडीचं जादा अंडं आणून दिलं. दोघांनी ते उबवलं. पिल्लू झालं, त्याचं नाव टँगो.

माझ्या पाच वर्षांच्या भाचीला मी हे पुस्तक मराठी करत करत वाचून दाखवलं. राणीबागेतल्या पेंग्विनच्या रांगेत ती दोनदा उभी राहिलीय, त्यामुळे पेंग्विन या विषयात ती एक्स्पर्ट. 'दोन बाबा' या भागावर ती अजिबात अडली नाही. तिचा प्रॉब्लेम दगडापाशी होता. एवढे दिवस बसून त्यांना कळलं कसं नाही की तो दगड आहे? मग तिने विचारलं की अंड्यावर बसून पाय दुखत असतील ना. सोफ्यावरून भाऊजी म्हणाले, "हे दोघं ऑफिसला कधी जातात?" ताईने स्वयंपाकघरातून फक्त एक लुक दिला. तो लुक कशाबद्दल होता हे त्या घरातल्या सगळ्यांना कळलं.

कारण पेंग्विनच्या जगात अंडं उबवणं ही 'आईची ड्युटी' नाहीच. नर आणि मादी पाळ्या लावून बसतात. म्हणजे रॉय आणि सायलो अंड्यावर बसले तेव्हा ते काही जगावेगळं करत नव्हते. कुठल्याही पेंग्विन बापाने केलं असतं तेच त्यांनी केलं. कौतुक असेल तर ते त्या कर्मचाऱ्याचं, ज्याने दगड बघून अंडं आणून दिलं.

पण पेंग्विनांनाही माफी नाही. २००६, २००७, २००८ आणि पुन्हा २०१० मध्ये अमेरिकेत सगळ्यात जास्त आक्षेप आलेलं पुस्तक हेच. २०१४ मध्ये सिंगापूरच्या नॅशनल लायब्ररी बोर्डाने ते रद्दीत काढून लगदा करायचं ठरवलं, तेव्हा शेकडो लोक पोराबाळांना घेऊन लायब्ररीच्या इमारतीत येऊन पुस्तकं वाचत बसले. मग ते लगद्यातून वाचलं आणि मोठ्यांच्या विभागात गेलं. पेंग्विनच्या पिल्लाची गोष्ट, फॉर अ‍ॅडल्ट्स! २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या एस्कॅम्बिया काउंटीने ते शाळांच्या लायब्ररीतून काढलं आणि लेखक कोर्टात गेले.

'अंकल बॉबीज वेडिंग' या पुस्तकाचा प्रवास उलटा आहे. लाडक्या काकाचं लग्न ठरतं, एका पुरुषाशी, आणि छोट्या क्लोईला टेन्शन एकच, की आता काका माझ्याशी खेळणार की नाही. २००८ मध्ये यात सगळे गिनी पिग होते. २०२० मध्ये नवी चित्रं काढून तेच पुस्तक पुन्हा आलं तेव्हा गिनी पिगांची माणसं झाली होती. बारा वर्षांत एवढी हिंमत आली म्हणायची. पण मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीतल्या शाळांनी ते वर्गात आणलं आणि वेगवेगळ्या धर्मांचे पालक एकत्र येऊन कोर्टात गेले. २७ जून २०२५ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी पालकांच्या बाजूने कौल दिला. अशा पुस्तकांच्या वेळी मुलाला वर्गाबाहेर ठेवण्याची मुभा शाळेने द्यायला हवी, असं म्हणत. विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्ती सोतोमायोर यांनी मग काय करावं? अख्खं चित्रपुस्तक आपल्या निकालपत्राला जोडून टाकलं! वाचा आणि ठरवा, असं.

स्टेलाचा प्रश्न

आता माझं सगळ्यात लाडकं. मिरियम शिफर यांचं 'स्टेला ब्रिंग्ज द फॅमिली', २०१५ चं. शाळेत मदर्स डेची पार्टी असते. प्रत्येकाने आईला घेऊन यायचं. स्टेलाला दोन बाबा, एक डॅडी आणि एक पापा. तिला कळेना कुणाला आणायचं. वर्गातली मुलं विचारतात, पण त्यांचे प्रश्न एकदम प्रॅक्टिकल. तुझा डबा कोण भरतं? रात्री गोष्ट कोण वाचतं? लागलं की पापी कोण घेतं?

मला हे फार खरं वाटलं. मुलांना तुमची आयडेंटिटी, तुमचं ओरिएंटेशन यात काडीचा रस नसतो. त्यांच्या मते आई म्हणजे कामांची एक यादी. यादीतली कामं होतायत ना? मग झालं. स्टेला उत्तरं देते, आणि पार्टीला दोन्ही बाबांसकट आजी, मावश्या, काका असा अख्खा गोतावळा घेऊन जाते. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही ही पार्टी ओळखीची वाटेल. मला विचाराल तर माझा डबा बारावीपर्यंत आजोबांनी भरला. पोळीला तूप लावून गुंडाळी करायची त्यांची स्टाइल होती. त्यांना कुणी पुरोगामी वगैरे म्हटलं असतं तर ते हसले असते.

इकडे काय?

मराठीत दोन बाबांचं चित्रपुस्तक माझ्या पाहण्यात नाही. दादरच्या एका पुस्तकाच्या दुकानात विचारलं तर काउंटरवरच्या काकांनी 'वडील' हा विषय शोधून मला थोर पुरुषांची चरित्रं दाखवली. त्यांची चूक नाही. आपलं बालसाहित्य आईवर उभं आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून 'श्यामची आई' लिहिलं, आणि तेव्हापासून मराठी मुलाला रडायचं असेल तर आईच्या आठवणीने. बाबा आपले पेपरमागे, नाहीतर ऑफिसात.

आणि तरी गंमत बघा. लेकरासारखी माया करणाऱ्या पुरुषाला काय म्हणायचं, यासाठी आपल्या भाषेला अमेरिकेकडून शब्द उसना घ्यावा लागत नाही. विठोबाला आपण माउली म्हणतो. ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो. वारीत मिशीवाला गडी दुसऱ्या मिशीवाल्या गड्याच्या पाया पडत 'माउली' म्हणतो आणि कुणाची मर्दानगी धोक्यात येत नाही. जनाबाईच्या गोष्टीत तर साक्षात पांडुरंग जात्यावर दळायला बसतो, शेण्या गोळा करतो. लहानपणी सगळ्यांनी हे चित्र पाहिलेलं असतं. देवाने दळलं तर भक्ती, आणि नवऱ्याने कणीक मळली तर बायकोच्या मुठीतला. हे लॉजिक कुठून आलं?

बदल दिसतोय, पण कासवाच्या चालीने. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातलं एक चित्र गाजलं. आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत, एवढंच. त्या एका चित्राच्या बातम्या झाल्या! भाजीची जुडी हातात घेतलेला बाप पाठ्यपुस्तकात आला ही बातमी असेल, तर दोन बाबांचं काय घेऊन बसलात.

इंग्रजीत आपली माणसं थोडी पुढे गेलीयत. अमेय नारवणकर यांचं 'रितू वेड्स चांदनी' २०२० मध्ये आलं. दोन नवऱ्यामुली, वरात अडवणारे नातेवाईक आणि ती पुढे नेणारी छोटी आयेशा. कॅनडातल्या विवेक श्रेया यांच्या 'द बॉय अँड द बिंदी'मध्ये (२०१६) आईच्या टिकलीकडे टक लावून बघणारा पाच वर्षांचा मुलगा आहे, आणि आई त्याला रागवत नाही, टिकली लावते. बाबा लोकांची पाळी मात्र अजून आलेली दिसत नाही.

आणि पुस्तकाबाहेर? ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने दोन सज्ञान माणसांच्या खासगी संबंधांना ३७७ कलमाच्या गुन्ह्यातून बाहेर काढलं, आपण सगळ्यांनी डीपीला इंद्रधनुष्य लावलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टाने समलिंगी लग्नाचा हक्क मान्य केला नाही, आणि अशा जोडप्याला मिळून मूल दत्तक घेता येण्याचा मुद्दाही ३ विरुद्ध २ मतांनी हरला. एकटा पुरुष दत्तक घेऊ शकतो, पण फक्त मुलगा. मुलगी त्याला कायद्याने दत्तक देता येत नाही. २०२१ च्या सरोगसी कायद्यात एकट्या पुरुषाला जागाच नाही. म्हणजे पुण्यात किंवा ठाण्यात दोन बाबांचं घर असेलच, तर कागदावर बाबा एकच. दुसरा शाळेच्या फॉर्मवर कोण? काका? लोकल गार्डियन? हॉस्पिटलमध्ये रात्री दोन वाजता सही कुणाची चालणार? विलहॉइट यांनी १९९० मध्ये पुस्तकाला 'बाबांचा रूममेट' हे नाव दिलं. आपल्याकडे आजही तोच शब्द सगळ्यात सेफ आहे.

मुलगी दत्तक न देण्यामागचा विचार मला जास्त टोचतो. पुरुष आणि लहान मुलगी एका घरात म्हटल्यावर कायद्याला आधी धोका दिसतो. त्यात गे-स्ट्रेट असा भेद नाही. सगळ्याच पुरुषांबद्दल ही शंका आहे. जेनीच्या फोटोवरून १९८६ मध्ये जी बोंब झाली तिच्या मुळाशी हेच होतं. त्यामुळे तुम्ही म्हणत असाल की मी काही गे नाही, माझा काय संबंध, तर पार्कमध्ये पोरीला एकट्याने घेऊन गेल्यावर 'आज मम्मी कुठेय?' हा प्रश्न किती वेळा ऐकलात ते आठवा.

पसारा

२०१९ मध्ये मॅथ्यू चेरी यांचं 'हेअर लव्ह' आलं. एक कृष्णवर्णीय बाबा आपल्या लेकीचे कुरळे केस विंचरण्याची धडपड करतो, फणीशी अक्षरशः कुस्ती. याच गोष्टीच्या शॉर्ट फिल्मला २०२० मध्ये ऑस्कर मिळालं. हे बाबा स्ट्रेट आहेत, घरात आई आहे. पण केसात बोटं अडकलेला, घामाघूम झालेला, हरलेला आणि पुन्हा यूट्यूब बघून बसलेला हा बाप बघून मला वाटलं की फ्रँकला हे कधी करायला मिळालंच नाही. हरायची सोय फ्रँकला नव्हती.

ती आता हळूहळू मिळतेय. हंगेरीत २०२१ मध्ये लॉरेन्स शिमेल यांच्या एका पुस्तकावरून दुकानांच्या साखळीला अडीच लाख फोरिंटचा दंड झाला, कारण यात 'वेगळं' कुटुंब आहे हे आधी सांगितलं नव्हतं. त्या पुस्तकात दोन गोष्टी एकत्र आहेत. एकीत दोन आयांच्या घरातली सकाळ. दुसरीत एक मुलगी झोपायला तयार नाही आणि तिचे दोन बाबा तिला झोपवायला बघतायत. गे हा शब्द कुठे नाही, समजावणं नाही. कुठल्याही घरातली रात्रीची साडेनऊची वेळ. दंड झाला तो या साडेनऊच्या वेळेला!

आणि २०२२ चं 'बेद द कॅट'. लिहिलंय अ‍ॅलिस मॅकगिंटी यांनी, चित्रं डेव्हिड रॉबर्ट्स यांची. आजी येणार म्हणून घरात साफसफाईची घाई. दोन बाबा, एक गोरा, एक काळा, पोरं आणि एक मांजर. कामांची यादी फ्रिजवर मॅग्नेटच्या अक्षरांनी लावलेली. मांजरीला आंघोळ नकोय, म्हणून ती अक्षरं विस्कटते आणि सगळ्या कामांची खिचडी होते. दोन बाबा का आहेत, आई कुठे आहे, कुणी विचारत नाही आणि पुस्तकही सांगत नाही. सांगायला वेळ कुणाला आहे? घरभर पसारा, कुणी काय करायचं कुणालाच कळत नाहीये, आणि आजी कुठल्याही क्षणी पोचेल.